चार वाजून बारा मिनिटांचा कोंबडा

ती वही अजून माझ्याकडे आहे. रेघांची, दोनशे पानी, वर 'सोसायटी' असं लिहिलेलं. आत सुरुवातीला चौदा दिवसांच्या नोंदी आहेत, वेळेसकट. एका कोंबड्याविरुद्ध पुरावा म्हणून मी त्या केल्या होत्या. तो कोंबडा कसा आरवत होता हे आज कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर या वहीखेरीज दुसरीकडे कुठे त्याची नोंद नाही.

बाळकुमला आमची इमारत चौदा मजली आहे आणि मी सहाव्या मजल्यावर राहते. झोपायच्या खोलीच्या खिडकीतून खाली पाहिलं की कंपाउंडची भिंत दिसते, भिंतीला लागून एक दुमजली घर दिसतं आणि घरामागचं आवार. आवारात शेवग्याचं झाड, कपडे धुवायचा दगड आणि पत्र्याचं खुराडं. आमची इमारत उभी आहे ती जमीन या घराची होती. इथे भात व्हायचा, खाली खाडीकडे मीठ. आता घरच्या मुलाचे आमच्या इमारतीत चार फ्लॅट आहेत. त्याची आई मात्र कधी लिफ्टमध्ये चढली नाही. ती खालच्या घरात राहते, पाच कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन. सगळे तिला मावशी म्हणतात, मीही म्हणते.

तेव्हा मी वर्तमानपत्रात रात्रपाळीची उपसंपादक होते. घरी पोचायला अडीच वाजायचे, झोप लागायला तीन. कोंबडा चार वाजून बारा मिनिटांनी आरवायचा. कधी दहा, कधी पंधरा, पण बहुतेक वेळा बारा. माझं लहानपण मोहन्याला गेलं. तिथे पहाटे शेजारचा कोंबडा आणि मग कारखान्याचा भोंगा, या दोन आवाजांवर सगळी वस्ती उठायची. तेव्हा त्यांचा त्रास झाल्याचं आठवत नाही. पण त्या वयात तीन वाजता झोपायचं नव्हतं.

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी तक्रारी यायच्या. "मोबाईलचा अलार्म तरी बंद करता येतो, ह्याचं बटण कुठे आहे?" असं कुणी लिहायचं, त्यावर कुणी मसाल्याच्या पाकिटाचा फोटो टाकायचं. एका रविवारी सेक्रेटरी माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ.

"मॅडम, तुम्ही पेपरवाल्या. पत्र तुम्हीच लिहा. आम्ही लिहिलं की भांडण वाटतं."

"कुणाला उद्देशून?"

"कुणालाच नको. नाव अजिबात नको. मालक आपलेच मेंबर आहेत. असं लिहा की वाचणाऱ्याला पटलं पाहिजे, पण लागलं नाही पाहिजे."

हे मला येत होतं. आयुष्यभर तेच केलं होतं. मी म्हटलं, आधी चौदा दिवस नोंद ठेवते. नोंद असली की विशेषणं लागत नाहीत.

पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी फक्त आरवण्याच्या आहेत. चार सूर. पहिले दोन आखूड, तिसरा लांब, चौथा मध्येच तुटलेला, कुणी दार लावून घ्यावं तसा. चौथ्या दिवशी सुट्टी होती म्हणून दिवसाही ऐकलं, आणि लक्षात आलं की आरवणं हा या पक्ष्यांच्या बोलण्यातला अगदी थोडा भाग आहे. बाकीचं सहाव्या मजल्यावरून नीट कळेना. पुरावा अर्धवट राहायला नको म्हणून मी खाली उतरले आणि भिंतीच्या छोट्या फाटकाशी उभी राहिले.

मावशी दगडावर बसली होती. "अंडी पायजेत?" तिने विचारलं. "गावठी हायत, बाय. बॉयलरची नाय."

मी हो म्हटलं. रोज तिथे जायला तेवढं कारण पुरलं.

त्या कोंबड्या इतर गावठी कोंबड्यांसारख्या नव्हत्या. मानेवर पिसंच नाहीत, लालसर कातडी उघडी. पाय उंच. अंगाचा रंग ओल्या विटेसारखा. मावशी सांगत गेली आणि मी घरी येऊन लिहीत गेले. कोंबड्याला दाणा सापडला की तो स्वतः खात नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि 'टुक टुक टुक' असं भरभर बोलावतो. कोंबड्या धावत येतात. एकदा एक तरणी कोंबडी अशीच धावत आली तर खाली काहीच नव्हतं, नुसता खडा.

मावशी हसली. "फसवतंय तिला. पुरुषाची जात! हात रिकामा, नि बोलावनं मोठां."

"मग ती म्हातारी कोंबडी का नाही आली?"

"तिना ठावं हाय ना. येक डाव आली आसंल, दोन डाव आली आसंल."

जमिनीवरून मांजर आलं की 'कट् कट् कट् कटाक', पुन्हा पुन्हा, सगळ्या माना उंचावून. घार दिसली की वेगळंच. एकच बारीक लांब सूर, कुठून आला ते कळू नये असा, आणि क्षणात आवारात कोंबडी दिसत नाही. सहाव्या दिवशी पलीकडच्या नव्या इमारतीच्या जाहिरातीसाठी कुणीतरी ड्रोन उडवला, तेव्हा कोंबड्याने तोच घारीचा सूर काढला. सगळ्या शेवग्याखाली. ड्रोन गेल्यावरही कितीतरी वेळ त्याने त्यांना बाहेर येऊ दिलं नाही.

मावशी मध्येच विचारायची, "आता काय बोलली?" मी सांगायचे. मला वाटायचं ती माझी परीक्षा घेते आहे. ती कोंबड्यांच्या चोचीकडे आणि मानेकडे बघत असायची, आणि मी सांगितलेलं बरोबर असलं की मान हलवायची.

आठव्या दिवशी तिने कोंबड्यांचं मूळ सांगितलं. तिचं माहेर खाडीकाठच्या मिठागराच्या वस्तीतलं. पहिल्या बाळंतपणानंतर ती सासरी यायला निघाली तेव्हा तिच्या आईने टोपलीत पेंढा घालून तेरा अंडी ठेवली, वर एक खुडूक कोंबडी बसवली. मेघ गरजला तर अंडी बिघडू नयेत म्हणून पेंढ्यात लोखंडी खिळा आणि कोळसा खुपसला. एका काखेत मूल आणि डोक्यावर ही टोपली, अशी ती बाळकुमला आली. वाटभर कोंबडी अंड्यांवरून उठली नाही. आताच्या पाचही त्याच टोपलीच्या वंशातल्या. दर काही वर्षांनी माहेरून एक कोंबडा यायचा आणि इथला तिकडे जायचा.

"रगत जुनां व्हतां नायतर," मावशी म्हणाली.

आता माहेरच्या आवारात गाड्या लागतात. भावाने कोंबड्या ठेवणं सोडून दिलं. सोडताना त्याने दिला तो हा शेवटचा.

"यो गेला का समदां गेलां," ती म्हणाली.

हे वाक्य वहीत आठव्या दिवसाखाली आहे, माझ्या अक्षरात, अवतरणचिन्हांत. पंधराव्या दिवशी मी पत्र लिहिलं तेव्हा वही समोर उघडी होती. टुक टुक, घार, ड्रोन, टोपली, सगळं वाचलं आणि सगळं गाळलं. विषयाशी संबंध नाही, म्हणून. उरल्या त्या चौदा दिवसांच्या आरवण्याच्या वेळा, वृद्ध आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा उल्लेख आणि शेवटी एक नम्र विनंती. एक पान. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. सेक्रेटरींनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "वा!"

दोन दिवसांनी मावशीचा मुलगा पार्किंगमध्ये भेटला. हसतमुख माणूस, गळ्यात जाड साखळी.

"मॅडम, काय लिहिलंय! वाचता वाचता मलाच कोंबड्याचा राग आला." मग आवाज उतरवून, "आईला बोललो मी, आंबिवलीला मित्राची जागा आहे, मोकळं आवार आहे, तिकडे राहील मस्त. आपल्याला कुणाशी वाकडं नाय घ्यायचंय."

त्याच संध्याकाळी कोंबडा गाडीच्या डिकीत गेला. पाय बांधलेले, डोक्यावर फडकं. दुसऱ्या दिवशी मी सलग सात तास झोपले.

ते आषाढाचे शेवटचे दिवस होते. गटारीला चार दिवस उरले होते. आमच्या भागात गटारीच्या तोंडावर दारात जिवंत कोंबडा आला, तर तो सांभाळायला पाठवलाय असं कुणाच्याही मनात येणार नाही. मुलाने मित्राला फोनवर सांगितलं होतं, "ठेव रे जरा." मित्राने अमावास्येपर्यंत ठेवला.

श्रावण लागल्यावर तिसऱ्या दिवशी मुलगा मला लिफ्टपाशी दिसला. हसत नव्हता. "त्याला वाटलं गटारीचा पाठवलाय," तो म्हणाला. "फोन केलेला त्याने मला, जबरदस्त होता बोलला, थँक्यू बोलला. आता आईला कोण सांगणार?"

त्यानेच सांगितलं असावं, कारण मी फाटकाशी गेले तेव्हा मावशीला कळलेलं होतं. ती खुराड्यापुढे उकिडवी बसली होती. कोंबड्या नेहमीसारख्या चरत होत्या, पण गप्प. दाण्याला बोलावणारं कुणी नव्हतं. प्रत्येकीने आपापलं शोधायचं. एक जण पुन्हा पुन्हा मान तिरकी करून आभाळ बघत होती. आधी ते काम तिचं नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, ते पत्र मी लिहिलं होतं."

"मना ठावं हाय. पोरग्यानं वाचून दावलां." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चार वाजून बारा मिंटां, चार वाजून चौदा मिंटां. येवरां ध्यान तर माज्या घोवानं पन माज्याकरं कवा दिलां नाय."

मग तिने तिचं काम सांगितलं. कोंबडा गेला तरी त्यानंतर आठ-दहा दिवस कोंबड्या भरलेली अंडी घालतात, हे तिला ठाऊक होतं. गटारीआधी घातलेली बरीच अंडी घरात खाऊन झाली होती. पण श्रावण लागल्यापासून घरात अंडं शिजत नव्हतं, म्हणून रोजची अंडी तांदळाच्या डब्यात साठत होती. ती आणि आणखी दोन-तीन दिवसांची, एवढाच त्या कोंबड्याचा वारसा उरला होता. म्हातारी कोंबडी खुडूक व्हायला आली होती. पिसं फुगवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसत होती, हात लावला की फुत्कारत होती.

अकरा अंडी झाली. मावशीने ती कोळशाने खुणावली, जुन्या टोपलीत पेंढा घातला, खिळा आणि कोळसा खुपसला आणि म्हातारीला वर बसवलं. मग मला म्हणाली, "तू रोज ये. तुना आयकाया येतां."

"तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"कलतां. आयकाया येत नाय." तिने डाव्या कानाशी बोट नेलं, मग उजव्या. "दोन वरसां जाली. कोंबरा आरवतंय ते मना मानेवरनं कलायचां. मान्सांचां ओठांवरनं, नायतर कानाशी बोललां तर. पोरग्याला नाय सांगितलां. तो मशीन आनंल नि वर फ्लॅटवर नेऊन ठेवंल."

म्हणजे 'आता काय बोलली' ही परीक्षा नव्हती. ज्या आवाजाविरुद्ध मी नोंद ठेवत होते, तो आवाज ती माझ्या तोंडून ऐकत होती.

एकवीस दिवस मी वहीत पुन्हा लिहीत गेले, या वेळी मागच्या पानांपासून. खुडूक कोंबडी फारसं बोलत नाही. दिवसातून एकदा उठते, पाणी पिते, दाणे टिपते, अंग झाडते आणि धावत परत जाते. एकोणिसाव्या दिवशी तिचा आवाज बदलला. आतून, खालच्या पट्टीत, थांबून थांबून, 'कुक... कुक...'. समोर कुणी नसताना. मी मावशीच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"बोलतंय त्यांचेशी," ती म्हणाली. "आता त्यांनी जाब द्यायचा."

विसाव्या दिवशी सकाळी तिने म्हातारीच्या पोटाखाली हात घातला, टोचून घेतलं आणि एक अंडं काढून माझ्या कानाला लावलं. अंडं गरम होतं. आत काही नव्हतं. दुसरं लावलं. तिसरं. प्रत्येक अंड्याला मी मान हलवत होते आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, कोंबडीच्या चोचीकडे बघावं तशी. माझ्या चेहऱ्यावर जे येईल तेच तिला ऐकू येणार होतं. रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे येत होता, त्याचा इशारा वाजत होता. मी हात वर करून थांबायला सांगितलं. कुणाला, ते ठाऊक नाही.

पाचव्या अंड्यात आवाज होता. फार बारीक, भिंतीपलीकडून यावा तसा. चिव, आणि जरा वेळाने पुन्हा चिव. म्हातारीने टोपलीतून 'कुक' केलं आणि अंड्यातून उत्तर आलं.

मी मावशीला काही सांगितलं नाही. तिला कळलं होतं. तिने माझ्या हातातून अंडं घेतलं, स्वतःच्या कानाला लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. काही ऐकू येत नाही हे ठाऊक असून.

अकरातली चार फुटून पिल्लं आली. एक पिल्लू मांजराने नेलं. उरलेल्या तिघांना म्हातारीने अंगणभर फिरवून सगळं शिकवलं. टुक टुक म्हणजे या. बारीक लांब सूर म्हणजे जिथे असाल तिथे दबा. दिवाळीपर्यंत कळलं की दोन माद्या आहेत आणि एक नर. मावशीने नराच्या उघड्या मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "र्‍हायला."

तो राहिला, म्हणजेच तो आरवणार. हे आम्हा दोघींना त्याच दिवशी कळलं.

मी दुसरं पत्र लिहिलं. पहिलं मागे घेण्याचं. या वेळी काही गाळलं नाही. टोपली लिहिली, मिठागर लिहिलं, तेरा अंडी आणि मग अकरा अंडी लिहिली. साडेतीन पानं झाली. सेक्रेटरींनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"मॅडम, रागावू नका," ते म्हणाले. "पहिल्यासारखं नाही जमलं. ते कसं, वाद घालायला जागाच नव्हती. आणि कोंबडा नको असा ठराव झालाय हो. मिनिट्समध्ये तुमचं पत्र जोडलंय." मग जरा थांबून, "तुम्हाला झोपेचा त्रास नाही का आता?"

त्रास नव्हता. तोवर मी नोकरी सोडली होती.

तोडगा मावशीनेच काढला. कोंबड्याला आरवायला मान ताठ वर करावी लागते. मान वर करता आली नाही तर आवाज निघत नाही. तिने फळांचा एक बुटका लाकडी खोका घेतला. रोज संध्याकाळी त्याला त्यात बसवायचं, वरून फळी ठेवायची आणि सकाळी आठ वाजता उघडायचं. मुलाने कमिटीला सांगितलं, कमिटीने मान्य केलं.

मी विचारलं, "त्याला त्रास नाही होत?"

"कोंबरां झाकलां तरी सकाल व्हते ना?" ती म्हणाली. "मंग कुनाचां काय आरतंय?"

माझं अडत होतं. रात्रपाळी सुटली तरी चार वाजता जाग येण्याची सवय गेली नाही. खिडकी उघडी ठेवून मी बसते. चार वाजून दहा. बारा. पंधरा. महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज, कुणाच्या तरी पंपाचा आवाज. खाली पत्र्याच्या खुराड्यात, फळीखाली, तो जागा असणार. त्याला वेळ कळली असणार. वहीत त्या महिन्यांच्या नोंदी आहेत. तारीख, वेळ, आणि पुढे 'आवाज नाही'. किती पानं तेच.

शिवरात्र होऊन गेली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी आठला मावशीने फळी काढली. कोंबडा खोक्यातून बाहेर आला, पंख फडफडवले, शेवग्याखालच्या दगडावर चढला आणि पहिल्यांदाच मान ताणली. रस्त्यावर शाळेच्या बसेस होत्या, भोंगे होते, त्यात तो आवाज कंपाउंडच्या भिंतीपलीकडेही गेला नसेल. मी चार हातांवर होते, मला आला.

मावशीने मान ताणलेली बघितली होती. ती माझ्याकडे वळली. "आरवला?"

मी मान हलवली.

"कसा?"

मी सांगू लागले. पहिले दोन आखूड, तिसरा लांब. तिने हात झटकला. तिला तसं नको होतं. तिने पदर मागे करून उजवा कान पुढे केला.

मी आयुष्यात असं काही केलेलं नाही. फाटकाकडे पाहिलं, वर आमच्या इमारतीच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकले, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि आरवले. दोन आखूड, एक लांब, चौथा मध्येच तुटलेला. ती डोळे मिटून होती. हलली नाही. मी आणखी एकदा केलं, मोठ्याने.

"शेवटाला तुटतंय?" तिने विचारलं. "बापासारका?"

कोवळ्या कोंबड्याचा आवाज पहिले काही आठवडे तुटतोच. तो कुणाचाही असो. हे तिनेच मला सांगितलं होतं, ते वहीत आहे. मी हो म्हटलं.

तिने डोळे उघडले. कोंबडा दगडावरून आमच्याकडे बघत होता, मान तिरकी करून. मी तिसऱ्यांदा वाकले तेव्हा मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हलू, बाय," ती म्हणाली. "सोसायटी आयकंल."